पुराची लाल रेघ

१४ एप्रिल

शी! माणसं किती खोटं बोलतात! मागच्या ऑगस्टात नाला चढला, गल्लीतल्या सगळ्या घरांत पाणी शिरलं. आज वॉर्ड ऑफिसचा इंजिनीयर स्वप्निल विचारायला आला, पाणी कुठवर होतं – तर प्रत्येकाच्या घरी पूर बुटका! एक म्हणे घोट्याएवढं. दुसरा म्हणे पायरीवरूनच परत गेलं. समोरचा विष्णू तर म्हणे, "हमारे यहाँ तो आया ही नहीं." त्याचा सोफा आठ दिवस रस्त्यावर वाळत पडला होता, मी नागपूरहून परत आलो तेव्हा त्यालाच ठेचकाळलो.

कारण काय, तर नवा नियम. पाणी आलं तेवढ्या उंचीवर घरोघरी लाल रेघ. बांधकाम काढलं तर जमीन रेघेच्या वर घ्यायची, विजेचं मीटर वर घ्यायचं, आणि अंगणात भराव घालायचा नाही, नाहीतर पाणी शेजाऱ्याकडे जातं. रेघ खाली तेवढं काम कमी. म्हणून सगळे पूर कापून राहिले.

दिवाळीत भिंती रंगवल्या, डाग कोणाकडेच नाही. पुरावा फक्त माझ्या घरी. स्वप्निलला देवघराशी नेलं, चौकटीवरचं माझ्या बायकोचं, प्रतिमाचं हळदकुंकू दाखवलं. पाणी दारात आलं की ती नर्मदामाईच, मग नाल्यातून का येईना. तिची ओटी भरायची आणि पाण्याच्या काठाला कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. मी तेव्हा थोरल्या भावाच्या, भय्यासाहेबांच्या तेरवीला नागपुरात अडकलेलो. प्रतिमानं एकटीनं सगळं केलं, मी येईस्तोवर भिंतीही धुऊन काढल्या. रंगाऱ्यालाही तिनं त्या कुंकवाला हात लावू दिला नाही. सध्या ती लेकीकडे भोपाळला आहे.

स्वप्निलनं पातळी मोजायची पाण्याची नळी धरून तीच उंची गल्लीभर नेली. माझ्या गुडघ्याएवढी. बत्तीस वर्षं फॅक्टरीत माल तपासला, माप म्हणजे माप.

१६ एप्रिल

गल्ली माझ्याशी बोलत नाही. बरं झालं, कटकट गेली.

३ मे

विष्णूकडे मुरमाचे ट्रक. अख्ख्या अंगणात तीन फूट भराव! मी गेलो, नियम सांगितला. तो दात कोरत म्हणाला, अंकलजी, अपना घर देखो. किळस येते या माणसाची. त्याच्याकडचं पाणी जाईल ते सरळ उताराला, शेवटच्या घरी – विनताच्या.

विनता शाळेत शिकवते. घरात ती आणि वडील, भाऊराव. दोन वर्षांपासून ते अंथरुणाला खिळलेले, खालच्याच खोलीत. पूर आला तेव्हा तिनं एकटीनं त्यांना जेवणाच्या टेबलावर चढवलं आणि रात्रभर धरून बसली. गल्लीतलं एक कुत्रं गेलं नाही मदतीला. आणि हेच लोक आता म्हणतात, पाणी आलंच नाही!

विष्णूविरुद्ध अर्ज दिला.

११ मे

दुसरा अर्ज. पोचपावती घेतली.

१८ मे

विनता खोलीची जमीन उचलून राहिली. मिस्त्रीवर मी लक्ष ठेवतो, टेप घेऊन. आज ती हळूच म्हणाली, "काका, अजून हातभर वर घेऊ का? पाणी या रेघेच्या वर होतं हो. बाबांच्या टेबलाला लागलं होतं."

मी समजावलं – बाई, भ्यालं की पाणी उंचच दिसतं. विष्णू खाली ओढतो, तू वर ओढतेस, मग नियम कशाले पाहिजे? रेघेवर चार बोटं, बस.

तिनं मिस्त्रीला तेवढंच सांगितलं. मिस्त्री हसून राहिला होता, त्याला झापलं.

गल्लीत एक पोरगी सरळ वाटत होती, तीही वाढवून सांगते. कंटाळा आला या माणसांचा.

२ जून

तिसरा अर्ज. विष्णूच्या भरावावर आता फरशी बसली. माझ्याकडे बघून मुद्दाम झाडू मारतो.

१५ जून

विनताची खोली झाली. भाऊरावांचा पलंग नव्या जमिनीवर आणला. ती त्यांना पावसाळ्यापुरतं दुसरीकडे माडीवरच्या भाड्याच्या खोलीत हलवणार होती, पण मी म्हटलं, काहून हलवतेस? आता नियमानं केलंय. तिनं त्या खोलीवाल्याला नको म्हणून कळवलं.

भाऊरावांनी माझा हात धरला. बोलणं अडखळतं त्यांचं. म्हणाले, "रत्नाकरराव, आता... पावसात... झोप लागेल."

डोळ्यात पाणी आलं माझ्या. या नासक्या गल्लीत एक तरी काम सरळ झालं. विनतानं शिरा पाठवला, साजूक तुपातला.

१९ जून

प्रतिमा भोपाळहून परतली, लेकीचं, अवंतीचं बाळंतपण आटोपून. घर कसं भरल्यासारखं वाटलं! नातू माझ्यावर गेलाय म्हणे. विष्णूचा भराव दाखवला तर म्हणाली, आल्या आल्या तुमचं सुरू झालं का.

२० जून

सकाळी प्रतिमानं भिंतीवरची लाल रेघ पाहिली. एवढी खाली कोणी मारली, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्याच कुंकवावरून. तिनं हातातला तांब्या खाली ठेवला.

"अहो, ते कुंकू मी पाणी चढताना लावलं. माईला म्हटलं, इथवर ये, पुढं नको. तिनं कुठं ऐकलं? अंधार पडेपर्यंत खिडकीला लागलं होतं. कुंकू धुऊन गेलं, म्हणून ओसरल्यावर त्याच जागी पुन्हा लावलं."

खिडकी रेघेच्या हातभर वर आहे. मोजली.

विनता हातभरच म्हणत होती. गल्लीत एकटी तीच खरं बोलली, आणि तिला मी गप्प बसवलं. थू माझ्या मापावर!

पहाटेपासून पाऊस धरलाय, नाल्याचा आवाज इथवर येतो. भाऊरावांना पलंगासकट आमच्या माडीवर आणायचं तर चार माणसं लागतात. गल्लीत एकही दार नाही, जिथं मी भांडलो नाही.

विष्णूची कडी वाजवली. भाऊरावांना हलवायचंय म्हटलं, तर तो चपला घालून निघाला.