मापटंभर खारकेचं वजन

गारखेडा, औरंगाबाद
ता. ९ जानेवारी १९६४

चि. सौ. सारजास,
आजीचा पोटभर आशीर्वाद. बोलणारी मी, लिहिणारी तुझी आई. या घरातून तुला कुणी लिहायचं नाय, असा तुझ्या बापाचा, आप्पाचा हुकूम हाय. पण आवडा कुठं लिहिती? तिचा नुसता हात, तोंड माझं.

इथं सगळं खुशाल. काळी गाय व्याली. आप्पाचा गुडघा दुखतो, राग मात्र ठणठणीत हाय.

तू विचारलंस, डिंकाच्या लाडवाला मी मापट्यानं सांगते अन् वैजापूरचा दुकानदार किलोनं देतो, तर मापटंभर खारीक म्हणजे किती? अगं, शेर गेला, किलो आला, मीच तेवढी राहिले! देवळात जाते म्हणून सांगितलं, अर्ध्या शेराचं मापटं पदराखाली घेतलं अन् गुलमंडी गाठली. दुकानदार म्हणतो, "आजी, वजनाच्या दुकानात माप?" म्हटलं, "बाबा, दोघांची सोयरीक जमवायचीय."

तर ऐक. अख्खी खारीक मापटंभर म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. तीच बिया काढून कुटली की दाटून बसते, मापटंभर पूड पावणेतीनशे भरते. लाडवाला पूडच धरायची. बिया फुकट जातात, म्हणून साडेतीनशे आण. किसलेलं खोबरं दिसतं ढीगभर, भरतं सव्वाशे. डिंक तीनशे, पण कच्चाच मोज, तळल्यावर लई फुगतो. हे झालं सपाट माप. बाळंतिणीला आपल्यात शीग लावून घालतात. वजनाला शीग नसते, तवा वर मूठभर जास्त घे.

आवडा म्हणती, "आत्याबाई, तिच्या पत्रातली शेवटची ओळ राहिली." राहिली नाय, मी ठेवली. "न्यायला कधी येताय?"

सारजे, मागल्या पत्रात मी लिहवलं, आप्पा नरमलाय, संक्रांत झाली की गाडी घेऊन येईल. ते खोटं व्हतं. मी त्याला विचारलंच नव्हतं. तुझा जीव घाबरला असंल, म्हणून गोड बोलले. विचारलं ते परवा, तो ताटावर बसल्यावर. म्हणाला, "मेंढरवाल्याच्या घरी आपल्या पायानं गेली ना? मग बाळंतपणही तिथंच." अन् भाकरी मोडली. ताकात मीठ जास्त झालं तरी घर डोक्यावर घेणारी मी, तिथं मात्र उलट त्याला दूध वाढलं. त्याच्याच भाकरीवर हाय ना गं.

अन् तू तिकडं गाठोडं बांधून बसलीस. सासूला म्हणालीस, माहेरी जाणार. सुईणही ठरवली नाय. हे माझ्यापायी. नववा लागतोय, आता वाट बघू नको. आजच सासूला, बानाबाईला सांग. लाजू नको, म्हण, माझी आजी लबाड निघाली. त्या बाईनं मेंढरामागं फिरताना उघड्या रानात बाळंतपणं केलीत, तिच्या हाताला भिऊ नको. लाडवात तिनं दुसरं काही घातलं तर माझं माप ठेव बाजूला, तिचंच ऐक. नवऱ्याला, मल्हारीलाही सांग, तुला एकटी सोडू नको म्हणावं.

आवडा विचारती, "तुम्ही तरी जाल, असं लिहू का?" नको. जे माझ्या हातात नाय ते पुन्हा लिहवायचं नाय.

खाली अंगठा माझा, शेजारचा तुझ्या आईचा. तिला सही येते. पण म्हणती, मागलं पत्रही याच हातानं लिहिलंय, मला अंगठाच पुरे.

तुझी,
खोटं बोललेली आजी