फाईलीतली सही

१४ जून, शनिवार

मिथुनदादा,

चुका दिसतील, हसू नको. शाळा सातवीपर्यंतच, त्यात एका बोटाने टाईप करते. तू बरा हायस ना? जेवतोस ना वेळेवर? बोटींची बंदी लागली, बाबा घरीच हायत. आई सुकट विकायला जाते.

तू फोन उचलत नायस म्हणून लिवते. गावात बाबांबद्दल बोलतात ना, दिनानाथ शाळेच्या समितीचा अध्यक्ष होता तवा त्याने पैसे खाल्ले. तू पण तेच बोलून घर सोडलंस. म्हणून बाबांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, कमलाकरकाकांनी लिवून दिला. काल आमी तिघं पनवेलला ऑफिसात गेलो. साहेबांनी शाळेची फाईल समोर ठेवली. बाबांना सहीपुरतंच येतं, म्हणून मी वाचत होते.

"मुलींचे संडास दुरुस्ती. दरवाजे, कड्या, टाकी. चौऱ्याऐंशी हजार. काम पूर्ण."

दादा, कसले दरवाजे? एक पण नव्हता!

खाली हेडमास्तरांची सही, बाजूला बाबांची. बाबा वाकून बघायला लागले नि एकदम ओरडले, "ही माजी नाय! माजी सही कशी, कोलंबीसारखी वाकडी. ही बघ, गोलगोल!"

कमलाकरकाका बोलले, "दिना, आता हेडमास्तर गेला आत."

बाबा किती दिवसांनी हसले. बाहेर मला वडापाव घेतला. मी तसाच आईसाठी बांधून आणला.

ती सही माजी हाय.

बाबा आठ-आठ दिवस बोटीवर असायचे. हेडमास्तर सर ऑफिसात बोलवायचे. "किशोरी, प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच करतेस ना? मग इथे पण कर. रंगकामाचे कागद आहेत." कागद कोरे होते. मला नको बोलता आलं नाय. सात-आठ केल्या.

आणि शाळा मी अभ्यास जमत नाय म्हणून नाय सोडली. पाळी सुरू झाली नि तिकडे आडोसाच नव्हता. हे आईला पण सांगितलं नाय.

सोमवारी बाबा पोलिसात लिवून देणार, सरांनी खोटी सही केली म्हणून. सर लगेच बोलतील, पोरीला विचारा. मग बाबाच खोटे पडतील. त्याच्या आदी त्यांना कळायला पायजे. माज्या तोंडातून शब्द फुटत नाय, तुला माहीत हाय. तू फोन कर नि हे सगळं त्यांना वाचून दाखव. शिव्या देतील, देऊ दे. मी बाजूलाच बसते.

बाबांनी खाल्ले नायत, दादा. ते पण तूच बोल त्यांना.

आताच शेजारची गंगाबाई पेढे देऊन गेली, तिच्या लेकीला, निशाताईला, पोरगी झाली.

फोनची वाट बघणारी,
किशोरी