शहाण्णव प्रश्नांचा बाप

३ मार्च

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

सोबत एक प्रश्नावली पाठवत आहे. घाबरू नकोस, शहाण्णवच प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला चारच पर्याय. मुलांची भावनिक वाढ आणि आईवडिलांची वागण्याची शैली यांचा संबंध शोधण्याचा माझा प्रकल्प शेवटच्या टप्प्यात आहे. सर्वसाधारण मुलांचे पालक ढिगाने मिळाले. ज्यांच्या मुलांच्या वाढीत अडचण आहे असे मात्र हाती लागत नाहीत, आणि लागले तर प्रश्न सोडून रडकथा सांगत बसतात. परवा एका बाईने बाविसाव्या प्रश्नाच्या समासात पानभर मजकूर लिहिला. समास त्यासाठी नसतो एवढंही लोकांना कळत नाही. अशा प्रती मी बाद करतो.

चिमीमुळे तू या गटात बसतेस. ती आता तेवीस वर्षांची घोडी झाली असली तरी तिचं लहानपण आठवून भर. खाडाखोड नको.

आमचं म्हणशील तर गुंड्या सव्वातीन वर्षांचा झाला. संतुलित पालकत्व काय करू शकतं याचा तो चालताबोलता पुरावा आहे. बोलता अजून नाही, पण मला घाई नाही. मी चार दिवस परिषदेला जाऊन आलो तर पठ्ठ्याने मान वर करून पाहिलंही नाही. बाटल्यांची झाकणं एका ओळीत लावत होता, मोडून पुन्हा तीच ओळ लावत होता. शेजाऱ्यांचं पोर बाप दिसला की त्याच्या पायात घोटाळतं. इतकं परावलंबी मूल मी तरी घरात ठेवणार नाही.

भावोजींना नमस्कार. प्रश्नावली आणि लोभ, दोन्ही वेळेवर यावं.

तुझा भाऊ

११ मार्च

चि. विद्वानास,
अ. उ. आ.

तुझा गठ्ठा पोचला. माझ्या लॉन्ड्रीत हॉटेलाच्या दोनशे चादरी पडल्या होत्या, त्या सोडून मी तुझे प्रश्न वाचले, यावरून माझा लोभ मोज.

सतरावा प्रश्न असा की मूल आक्रस्ताळेपणा करतं तेव्हा तुम्ही (अ) रागावता, (ब) समजावता, (क) दुर्लक्ष करता की (ड) मागेल ते देता. चिमी सहा वर्षांची असताना धुलाईयंत्र सुरू झालं की कान दाबून पाऊण पाऊण तास किंचाळायची. मी तिच्या पायांवर जाड रजयांची चवड ठेवून वर हातांनी दाबून बसायचे, मग ती निवायची. हे शोधून काढायला मला दीड वर्ष लागलं. आता हे अ, ब, क, ड मध्ये कुठे कोंबू? समासात लिहिलं तर तू बाद करणार. त्या बाईचं पान तू केराच्या टोपलीत टाकलंस, आणि तुझ्या सगळ्या गठ्ठ्यात वाचण्यासारखं तेवढंच असणार. उंटावरचे शहाणे तुम्ही, खाली उतरायची लाज वाटते आणि शेळ्या मात्र हाकायच्या.

प्रश्नावली कोरी परत पाठवते. चिमीने तिची चारात नीट घडी घातली आहे, टॉवेलांची घालते तशीच, कडा आत. त्या घडीला पाहिजे तर गुण दे.

इथे थट्टा संपली, पुढचं नीट वाच. गुंड्याला नावाने हाक मारली तर तो वळतो का? हवं ते बोटाने दाखवतो का? काही गंमत सापडली तर तुम्हाला दाखवायला आणतो का? झाकणांचं आणि मान वर न करण्याचं वाचून मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आधी त्याचे कान तपासून घे, मग त्याला मुलांच्या विकासाच्या तपासणीला ने. लगेच ने.

लोभ वाढव, ज्ञान आहे तेवढं पुरे.

तुझी ताई

२० मार्च

ती. सौ. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. (या वेळी केवळ रीत म्हणून.)

पत्र वाचून करमणूक झाली. चादरींना इस्त्री करता करता बालविकासाचं निदान करता येतं हे मला नवं होतं. आम्ही उगाच वीस वर्षं घालवली.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. तुझं मूल तसं निघालं म्हणून तुला प्रत्येक मुलात तेच दिसणार, यात तुझा दोष नाही, अभ्यासात याची नोंद आहे. गुंड्याचे कान उत्तम आहेत, बिस्किटाचा पुडा दोन खोल्यांपलीकडे फुटला तरी त्याला कळतं. हाकेला तो ओ देत नाही कारण त्याला आज्ञाधारकपणाची सवय लावलेली नाही. तुझ्या समाधानासाठी मी आमच्या घराला माझीच प्रश्नावली लावली. शंभरात एक्क्याण्णव गुण. एवढे गुण आजवर एकाही घराला पडलेले नाहीत.

तुझं पत्र हिने वाचलं आणि तेव्हापासून हिचा चेहरा उतरला आहे. हिची शैली मुळातच अतिकाळजीची, त्यात तू तेल ओतलंस. यापुढे घरी असलं काही लिहू नकोस. लोभ असावा, तो मुकाट असला तर उत्तम.

तुझा भाऊ

२७ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमच्या भावाला न सांगता पहिल्यांदाच काही करते आहे. आमच्या कचेरीत इमारतींचे नकाशे काढता काढता त्याच कागदावर लिहिते आहे, म्हणून पान एवढं मोठं.

आधी त्या एक्क्याण्णव गुणांचं सांगते. त्या प्रश्नावलीत आईबाप कसे वागतात ते विचारलेलं असतं. म्हणजे गुण बापाला पडले, आणि दिलेही बापानेच. शहाण्णवांत मुलाबद्दलचे प्रश्न आठ. त्यातल्या पाचांना यांनी लागू नाही असं लिहिलं.

पंधरवडा झाला, हे स्वयंपाकघरात स्टुलावर तक्ता घेऊन बसतात. मी गुंड्याला कारण नसताना जवळ घेतलं की एक रेघ. संध्याकाळी रेघा मोजून दाखवतात. पहिल्या सोमवारी चौदा होत्या. काल तीन. हे म्हणाले की चांगली सुधारणा आहे. वन्सं, मला त्या तीनची फार लाज वाटते. मूल तर तक्रारही करत नाही, मग मीच हात मागे घेते.

तुमच्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच आहे. तपासणी केंद्र यांच्या कामाच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर आहे. तिथे दोघांच्या सह्या लागतात. मी विषय काढला तर म्हणाले, ज्या जिन्यावर लोक मला वाकून नमस्कार करतात त्याच्या खाली माझं पोर रांगेत बसवणार का? तिथला अशा लहान मुलांचा वर्ग जूनमध्ये सुरू होतो आणि चार वर्षं पूर्ण झालेल्यांना घेत नाहीत. म्हणजे हा जून गेला की गेलं. मी काय करू?

तुमचा लोभ आहे म्हणून हे लिहायचा धीर झाला, तो राहू द्या.

तुमची धाकटी वहिनी

१ एप्रिल

चि. सौ. धाकट्या वहिनीस,
अ. उ. आ.

तो तक्ता चुलीत घाल. गॅस असेल तर गॅसवर धर.

आता सहीचं. माझ्या भावाला विनंती करून काही होत नाही, लहानपणीही व्हायचं नाही. त्याला दुसऱ्याची चूक सापडणार असेल तर मात्र तो अनवाणी धावतो. त्याला म्हण की केंद्रातली मुलगी नवशिकी आहे, वाटेल ते मोजते असं ऐकलंय, तुम्ही समोर बसून तिच्या चुका काढा, म्हणजे वन्संचं तोंड कायमचं बंद होईल. सही करून वर आभारही मानेल.

एक गोष्ट तुला सांगते, त्याला सांगू नकोस. चिमी दोन वर्षांची असताना शेजारच्या नर्सबाईंनी मला अगदी हळूच सांगितलं होतं की हिला दाखवून आणा. मी त्यांना घराबाहेर काढलं. म्हटलं, तुम्हाला पोर नाही म्हणून तुमची नजर वाईट. त्यानंतर तीन वर्षं मी कुठे गेले नाही. चिमी पाच वर्षांची झाली तरी एक शब्द नव्हता. आज ती टॉवेलांच्या घड्या घालते, माझा हात धरून बाजारात येते, चाळीसएक शब्द बोलते. ती तीन वर्षं मिळाली असती तर किती बोलली असती, हे मला कोण सांगणार? भावाला मी मूर्ख म्हणते तेव्हा त्यात माझाही वाटा आहे.

गुंड्याला जवळ घे. रेघा माझ्या नावावर. लोभ मागायची तुला गरज नाही, तो इथे पडूनच आहे.

तुझी वन्सं

१९ एप्रिल

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तपासणी झाली. मी चुका काढायलाच गेलो होतो. ती मुलगी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली.

त्या खोलीत एक पारदर्शक डबा असतो. आत चावीची गाडी, आणि झाकण मुलाला उघडणार नाही इतकं घट्ट. मूल मदत कशी मागतं ते पाहायचं असतं. आईबापांनी खुर्चीत बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि काहीही करायचं नाही. हा नियम बारा वर्षांपूर्वी मीच लिहिला, भिंतीवर माझ्या सहीनिशी लावलेला आहे.

गुंड्याने झाकण दातांनी ओढून पाहिलं. मग तो माझ्याकडे आला आणि माझं मनगट धरून ओढू लागला. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, फक्त हात ओढला. ताई, त्याने आपणहून मला धरल्याचं मला आठवत नाही. मी हात सोडवून मांडीवर ठेवला. तो परत आला, दोन्ही हातांनी माझा हात उचलून त्याने झाकणावर ठेवला. मी तो काढून घेतला आणि दुसऱ्या हाताखाली दाबून धरला. ही माझ्याकडे बघत होती. तिसऱ्यांदा तो आला नाही. डबा घेऊन टेबलाखाली गेला आणि त्यावर गाल टेकून पडून राहिला.

ती मुलगी म्हणाली की सर, तो नियम संशोधनापुरता आहे, हे तुमचं मूल आहे, उघडा ना. माझ्यामुळेच ती इतका वेळ गप्प बसली होती. मी वाकून डबा उघडला तेव्हा त्याला तो नको होता.

स्वमग्नता आहे असं तिने सांगितलं. तिची एकही चूक मला सापडली नाही. दुसऱ्याचा हात अवजारासारखा वापरणे हा रकाना कोणता आणि त्यात खूण का पडते, हे मी वर्गात शिकवतो. म्हणजे पोराने मला पहिल्यांदा धरलं ते कोणत्या लक्षणात जातं हेही मला पाठ आहे. जूनच्या वर्गासाठी दोघांच्या सह्या झाल्या.

तुला हव्या तेवढ्या शिव्या दे. पण उत्तर दे. लोभाला मी पात्र आहे की नाही ते तू ठरव.

तुझा भाऊ

२३ एप्रिल

चि. भावास,
अ. उ. आ.

शिव्या मागून मिळत नाहीत, कमवाव्या लागतात. तू भरपूर कमावल्यास, पण आज मला द्यायला वेळ नाही.

त्या मुलीने रकान्यात खूण केली ते तिचं काम आणि तिने ते चोख केलं. तुझं काम वेगळं होतं. अवजार तर अवजार. त्या खोलीत तीन मोठ्या माणसांचे मिळून सहा हात होते, त्यात आईचेही होते, आणि त्याने तुझा उचलला. दोनदा उचलला. वीस वर्षं शिकून तुला एवढंही वाचता येत नसेल तर तुझी पदवी चिमीकडे पाठव, ती चारात घडी घालून ठेवेल.

तो परत कधी ओढेल ते मी सांगू शकत नाही, आणि तूही अंदाज बांधू नकोस. आठवडा लागेल, महिना लागेल. वर्गातली माणसं शिकवतील ते शिक, तिथे मागच्या बाकावर बस आणि कुणाला सुधारू नकोस. वहिनीशी आधी बोल. चौदाच्या तीन रेघा तू केल्यास, त्याची माफी माग. ती मागताना शैलीबिलीचं नाव काढू नकोस.

मी मोठी बहीण आहे, मला तुझी कीव येते आणि रागही येतो, आणि दोन्ही असताना रोज सकाळी तुझीच आठवण येते. हे एकदाच लिहिते.

एरवी इथे लोभ असावा असं लिहून मी उत्तराची वाट पाहिली असती. या वेळी उत्तर पाठवू नकोस. तेवढा वेळ त्याच्याजवळ जमिनीवर बस, हात मोकळे ठेवून.

तुझी ताई