रजेचं इंग्रजी

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पानावर बसलं की माझा हात आधी मागे जातो. सॉल्ट लेकच्या बंगाली वस्तीतल्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये तुमचा नियमच होता, जेवताना इंग्रजीत मागायचं, तरच मिळायचं. मी 'कॅन आय हॅव पोळी' म्हटलं की तुम्ही डबा स्वतःकडे ओढायचात. "कॅन म्हणजे हातात बळ आहे का. ते आहे, दिसतंय मला. परवानगी माग." मी रडवेली होऊन 'मे आय' म्हणतेय आणि आई ओट्यापासून ओरडतेय, "अहो, गार झाली ती पोळी! पोरीला जेवू द्या आधी, तुमचं मे नि जून नंतर करा." मला हसू फुटायचं. तुम्हाला कधीच नाही. मला तुमचा भयंकर राग यायचा, सांगून टाकते.

कारण आईकडून कळलं, तेही तुम्ही गेल्यावर. तुम्ही खिदिरपूरला, गोदीतल्या कस्टम्सच्या ऑफिसात नवीन होतात. साताऱ्याहून तार आली, आजी अत्यवस्थ. घाईघाईत तुम्ही अर्ज लिहिलात, 'यू मस्ट ग्रांट मी लीव्ह'. आपण मराठीत म्हणू तसंच हो, रजा द्यायलाच हवी, आई जातेय माझी! साहेबांनी मस्टखाली लाल रेघ मारली आणि चारचौघांत विचारलं, हुकूम कुणाला सोडताय? मग तुम्ही 'मे आय', 'कुड यू काइंडली' घालून अर्ज पुन्हा लिहिलात. तो साहेबांच्या टेबलावर पडून राहिला, आणि तुम्ही साताऱ्याला पोचलात ते थेट तेराव्याला. "माझ्या इंग्रजीनं घात केला," एवढंच आईला म्हणालात म्हणे. मी बोलायला लागल्यावर ताटावरची शिकवणी सुरू झाली.

आणि बघा, त्याच शिकवणीवर मी आज पोट भरते. इथेच सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका कंपनीत नव्या पोरापोरींना परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायला शिकवते. नाही म्हणायचं नाही. कान्ट म्हणायचं नाही. मस्ट तर तोंडातसुद्धा आणायचं नाही. 'वुड यू माइंड', 'परहॅप्स वी कुड'. पोरं वैतागतात, "मॅडम, इतकं गोल गोल का बोलायचं?" मी म्हणते, त्यानं दारं उघडतात. कप्पाळ उघडतात!

मागच्या आठवड्यात आई साताऱ्याच्या घरात न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलंय, परवा ऑपरेशन आहे. शेजारच्या काकू डबा पोचवतात, पण आई प्रत्येक फोनवर एकच विचारते, "तू येतेयस ना गं?" मी मॅनेजरकडे रजा मागितली. तुमच्या पद्धतीनं, बाबा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. 'आय वॉज वंडरिंग इफ आय माइट'. तो गोड हसला नि म्हणाला, बघू. पुन्हा मागितली, आणखी मऊ करून. आज दुपारी उत्तर आलं, नवी बॅच फोनवर बसली की, म्हणजे पुढच्या महिन्यात, 'यू मे सर्टनली गो'. काय शुद्ध इंग्रजी, व्वा! कुठे बोट ठेवायला जागा नाही. कॅन्टीनमध्ये तो मेसेज वाचताना माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, आणि तोंडातून मात्र सवयीनं 'थँक यू' निघालं. समोर कुणी नव्हतंसुद्धा.

डबा उघडा टाकून बसून राहिले. आणि तिथे मला तुमची लाल रेघ दिसली. बाबा, तुमचं इंग्रजी चुकलं नव्हतं हो. तुम्ही सुरुवातीलाच 'मे आय' लिहिलं असतंत तरी त्या माणसानं रजा दिली नसती. त्याला द्यायचीच नव्हती. जन्मभर तुम्ही एका शब्दाला दोष देत राहिलात, आणि माझ्या हातातली पोळी थांबवत राहिलात. हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. आता सांगू कुठे? वर पोस्ट नाही.

उद्या सकाळचं पुण्याचं विमान आहे, तिकीट काढलंय. मॅनेजरला एकच ओळ लिहिलीय, उद्यापासून मी नाही, आईकडे जातेय. त्यात विचारणं नाही, विनंती नाही. ती ओळ फोनवर तशीच आहे, पाठवायची राहिलीय. घरी आले, बॅग भरली, आणि केव्हाची जेवणाच्या टेबलापाशी बसलेय. खरं सांगू? तुम्ही डबा पुढे सरकवाल आणि 'हं, जा' म्हणाल, म्हणून थांबलेय.