करंजाला गेलेली आई

कोळीवाडा, पनवेल
९ जानेवारी २००५

ती. दमयंती आत्यास,
किशोरीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शेजाऱ्यांच्या फोनवर हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. आईच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, आता किमोचे डोस चालू आहेत. केस गेले. बाबा आणि मी सोडून कुणालाच माहीत नाही. आईचं म्हणणं, बाजारात कळलं तर तिच्या हातची मासळी कुणी घेणार नाही. म्हणून आम्ही सांगितलंय की ती करंजाला तुझ्याकडे राहायला गेली आहे; असते घरातच, दार लावून. कुणी विचारलं तर हो म्हण.

नवीन पनवेलमध्ये शनिवारी कॅन्सरच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची बैठक भरते. मी जाते, आई येत नाही. तिथल्या नीताताईंनी विचारलं की डोसला तुझ्याबरोबर आणखी कोण असतं. मी म्हटलं, बी.ए. झालेली मुलगी पुरेशी आहे. त्या हसल्या नाहीत. बाबा होडीवर, मी शाळेत नवीन शिक्षिका, रजा संपल्या. पुढच्या डोसला कोण जाणार ते ठरत नाही, आणि आई म्हणते, मग राहू दे तो डोस. डॉक्टर म्हणतात, एकही चुकवायचा नाही.

लोभ आहेच, तो आईकडेही वळू दे.
तुझी किशोरी

करंजा
२० जानेवारी

चि. किशोरीस आत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून काय वाटलं ते तुला सांगून काय उपयोग. सासू अंथरुणाला खिळलीय, नायतर मीच डोसाला आली असती.

तू सांगितलंस तसं केलं. पण पोरी, बाजारात तुझ्या आईच्या शेजारी बसणारी हौसा मासळी घ्यायला दिवसाआड आमच्या बंदरावर येते, ते तुला ठाव नाय का? ती वयनीला भेटायला घरी यायला लागली. आधी मी म्हटलं, वयनी झोपलीय. मग म्हटलं, आंघोळीला बसलीय. तेच दोनदा सांगितलं तवा ती म्हणाली की तुझी वयनी मासा हाय का, सारखी पाण्यातच असते. मग माझ्या तोंडून निघून गेलं की दादाशी भांडून आलीय, कुणाला भेटायची नाय. तिला लगेच पटलं. माझाच भाऊ, पण पटण्यासारखा हाय. आता ती वयनीसाठी केळी देते. पोरं खातात, मी हात लावत नाय.

आमी लांब हाव, परके नाय, हे ध्यानात ठेव.
तुझी आत्या

पनवेल
६ फेब्रुवारी २००५

ती. आत्यास शि. सा. न.

तुझ्या त्या एका वाक्याने काय झालं ते ऐक. आमच्या बाजाराची रीत तुला माहीत आहे. ज्याची बायको घर सोडून गेली, त्याची मासळी कुठलीच बाई विकायला घेत नाही. बाबांची टोपली तशीच परत येऊ लागली. हौसामावशी त्यांना सगळ्यांसमोर म्हणाली की आधी बायकोला आण, मग कोळंबी आण. बाबांनी आईला कुणाला न सांगण्याचा शब्द दिलेला. ते खाली मान घालून घरी आले आणि आम्ही दोन्ही वेळा कोळंबी खाल्ली. आईला डोसामुळे वास सहन होत नाही. तिने विचारलं, मासळी घरात का पडून आहे. बाबा टोपली धुवायला उठले, तेव्हा मी सांगितलं.

आई उठली. डोक्याला रुमाल बांधून, माझ्या खांद्यावर हात टाकून बाजारात गेली. म्हणाली की माझा माणूस चांगला हाय, मला कॅन्सर झालाय, मी कुठंच गेली नव्हती. सगळ्या हातातलं काम सोडून बघत राहिल्या. हौसामावशी पुढे आली. मग तिने आईला स्वतःच्या पाटावर बसवलं आणि आधी तुला, मग मला, मग बाबांना शिव्या घातल्या. आईला एवढंच विचारलं की पुढचा डोस कधी.

आता आईच्या जागेवर आळीपाळीने कुणीतरी बसतं. ज्या दिवशी आई स्वतः बसली, त्या दिवशी काही गिऱ्हाइकं रुमाल बघून पुढे गेली, हेही खरं. त्यांना मी नावानिशी ओळखते, एवढंच हौसामावशी म्हणाली.

परवा डोस झाला. हौसामावशी आणि बाजारातल्या भामाकाकू आईबरोबर गेल्या. त्या वेळी मी वर्गात हातच्याची बेरीज शिकवत होते. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि सगळा खाल्ला. मग नळावर जाऊन थोडी रडले. घंटा झाली तशी तोंड धुऊन वर्गात गेले.

सासूबाई झोपल्या की तूही जरा पाठ टेक. उत्तर सावकाश दिलंस तरी माया कळते.
तुझी किशोरी