शुक्रवार ते रविवारचा स्वयंपाक

२६ जून, रविवार
चहा झाल्यावर तिघी बसलो, नेहमीसारखं आठवड्याचं ठरवायला. मी, सून माधवी आणि नात ईशा. सोम मुगाची डाळ-दोडका. मंगळ माधवीची टोमॅटो पप्पू, म्हणजे टोमॅटोचं वरण. बुध पिठलं-भाकरी. गुरु भेंडी... इथं माधवी थांबली. उद्यापासून ती नाहीच. तिचं सरकारी ऑफिस विजयवाड्याला चाललं. राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हा म्हणाले होते, दहा वर्षं राजधानी इथंच. दोनच झाली.
ईशा म्हणाली, "अम्मा, तू नाहीस तर भेंडी कशाला?"
"तू खाणार ना."
ईशा भेंडीला हात लावत नाही. दोघींनाही माहीत आहे. कुणी हसलं नाही.

२७ जून, सोम
पहाटेच्या गाडीने गेली. शुक्रवारी रात्री येईन, रविवारी संध्याकाळी परत, म्हणाली. तिथं शनिवारी सुट्टी असते म्हणे.
डाळ तिघींची झाली. हाताला सवय. रात्रीही तीच. ईशा टीव्हीसमोर बसून जेवली, मी रागावले नाही.
नितीन, माझा मुलगा, गेला त्याला चार वर्षं. तेव्हा सगळे म्हणाले, सून आता माहेरी जाईल, तेनालीला. सुनेचं आणि सासूचं मुलाशिवाय काय असतं? गेली नाही. तेराव्यानंतर सकाळी उठून विचारलं, "अत्तय्या, आज क्या बनाना?" तेलुगूत सासूला अत्तय्या. त्यांचं लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, ही मला आत्या का म्हणते.

१ जुलै, शुक्र
आली. गाडी उशिरा. ईशा झोपून गेली होती, माधवी तिच्या कपाळावर हात ठेवून बसली. मग जेवली. बगारा बैंगन आणि भात, सगळं संपवलं. तिथं एका खोलीत चौघी जणी राहतात. मेसचं सांबार पाण्यासारखं.
"अत्तय्या, मेरे को वहाँ भूखच नहीं लगती." आणि पुन्हा भात घेतला.

३ जुलै, रवि
दुपारपासून डबे. कंदी पोडी, म्हणजे तूरडाळीची कोरडी चटणी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या. गाडी सहाची. डबे हातात घेऊन दारात उभी राहिली, काहीतरी सांगायचं असल्यासारखी. "गॅस बंद करना याद से," एवढंच म्हणाली.
या रविवारी आठवड्याचं ठरवायला बसलोच नाही.

१३ जुलै, बुध
ईशा आज जेवताना म्हणाली, "आजी, मंडे टू थर्सडे आपण पुअर असतो का?"
"का गं?"
"रोज खिचडी. आणि अम्मा आली की वडे, गोड पूर्णम, चिकन. तेव्हा रिच."
हसले खूप. मग लक्षात आलं की खरंच आहे. भाजी आणायला जाते ती गुरुवारी. चांगली वांगी दिसली तरी बुधवारी घेत नाही, शुक्रवारपर्यंत शिळी होतील म्हणून. आठवडा असा वाकडा झालाय. चार दिवस नुसते ढकलायचे.
उद्यापासून असं नाही. उद्या ईशाला पेसरट्टू, मुगाचा डोसा.

१४ जुलै
नाही केलं. मूग भिजवायचे राहिले. खिचडी.

२२ जुलै, शुक्र
आज येणार म्हणून अंबाडी-मटण. दिलसुखनगरच्या बाजारात अंबाडी चांगली मिळते, तिकडं बसने गेले. येताना बसमध्ये उभी, मांडीएवढी जुडी कडेवर. साडेचारला फोन: काम आहे, उद्या-परवाही ऑफिस, येता येत नाही.
"असू दे," म्हटलं.
"अत्तय्या, जेवलात का?" साडेचारला!
मटण दोघींनी खाल्लं. 

२४ जुलै, रवि
शनिवारीही मटणच. आजही उरलंय, टाकवेना, खाववेना. आमचे हे गेले तेव्हा घर भरलेलं होतं, म्हणून एकटं वाटणं म्हणजे काय ते कळलं नाही. आता कळायलंय. पातेलं उरतं.

७ ऑगस्ट, रवि
आजची गोष्ट नीट आठवून ठेवायची.
सकाळी स्वयंपाकघरात दोघीच. ईशा खाली खेळायला. मी गवार मोडत होते, तिने समोर बसून मुठीने गवार घेतली आणि मोडायला लागली. खूप बारीक मोडत होती. म्हटलं, "अगं, कोशिंबीर करायची नाही."
"अत्तय्या, मेरे को मालूम नहीं कैसा बोलना."
कळलंच मला. कसं कळलं ते सांगता येत नाही.
तिच्याच ऑफिसातला. प्रसाद नाव. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. ईशाबद्दल सगळं माहीत आहे. लग्नाचं विचारलंय त्याने. हिने अजून हो म्हटलं नाही. "आपको पूछे बिना नहीं बोलूंगी."
आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "खातो काय तो?"
ती बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली, मग रडली. "नॉनव्हेज नहीं खाते," म्हणाली.
गवार शिजायला टाकली ती करपली.

१० ऑगस्ट, बुध
परभणीहून भाऊजींचा फोन. यांचे धाकटे भाऊ. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. मी फक्त शेजारी बोलले होते.
"वहिनी, सून गेली तर जाऊ द्या. पण पोरगी आपल्या घरची आहे. नितीनची एकच खूण. ती परक्याच्या घरी वाढू द्यायची नाही."
बरं म्हटलं. 
खरं सांगायचं तर बरं वाटलं होतं ऐकून. कुणीतरी आपल्या मनातलं बोललं.

१२ ऑगस्ट, शुक्र
पुष्कर सुरू, तिथल्या नदीचा बारा वर्षांनी येणारा, कुंभासारखा मेळा. तिची ड्यूटी नदीवर, घाटावरच्या गर्दीसाठी. २३ पर्यंत येणार नाही. टीव्हीवर घाट दाखवतात, ईशा डोळे फाडून अम्माला शोधते.

१७ ऑगस्ट
भात, दही. लोणचं.

१८ ऑगस्ट
तेच. ईशाला शाळेतून येताना समोसा दिला.
शकुंतलाबाई (शेजारच्या) विचारायला आल्या, "एमी वंट ई रोजु?" आज काय केलं? त्या रोज विचारतात. आज खोटं सांगितलं, भरली वांगी म्हणून. त्यांनी वाटी पुढे केली असती तर?

२१ ऑगस्ट, रवि
माधवीचा फोन. पुढच्या रविवारी, २८ ला, प्रसादना जेवायला आणू का?
आण म्हटलं.

२४ ऑगस्ट, बुध
काय करायचं?
येसरची आमटी नको. ती नितीनची. वरणफळं नकोत, तीही त्याचीच. धपाटे, भरली मिरची, खोबऱ्याची वडी... काही म्हणता काही सुचेना. नितीनचं काही वाढायचं नाही असं ठरवलं आणि मग बघितलं तर या घरात जे होतं ते सगळंच नितीनला आवडायचं. तो तरी काय, माझ्याच हातचं खाऊन वाढला.
त्यांच्या तेलुगू पद्धतीचं करावं तर ते मला माधवीएवढं जमत नाही. हसतील.
दुपारी सुलतान बाजारला गेले. पहिल्यांदा घरी येणाऱ्याला शर्टाचं कापड द्यावं का? दिलं तर होकार दिल्यासारखं. नाही दिलं तर रीत सोडल्यासारखं. दोन दुकानं हिंडले. ईशाला फ्रॉक घेऊन आले.

२८ ऑगस्ट, रवि
आला. उंच, डोक्यावर केस कमी, चप्पल काढायला बाहेरच वाकून बसला. माझ्या पाया पडायला गेला, मी मागे सरले, मग पुन्हा पुढे झाले. असं सगळं.
शेवटी काय केलं तर: साधं वरण, भात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या, शेवयाची खीर. कुणाचंच नाही असं जेवण.
आणि त्याने खाल्लं काय? दहीभात! एक पुरी घेतली, तिच्याशी खेळत बसला. चार दिवस डोकं फोडलं ते यासाठी? मला अपमान वाटला. ईशा सरळ म्हणाली, "अंकल, आजीची खीर बॅड आहे का?"
तो घाबरला. तेलुगूत माधवीला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "अत्तय्या, तीन दिन से पेट खराब है इनका. टेन्शन से."
मग मीही हसले. काय करणार. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला.
नंतर मला म्हणाला, हिंदीत, जपून जपून, "अम्मा, ये लड़की आपके बिना नहीं आएगी. माधवी भी नहीं आएगी. बड़ा घर देखा है. आप का कमरा अलग."  भांडी आवरायला उठले.
जाताना दारात चुळबुळत उभा. "खीर थोड़ी ले जाऊं? रात तक ठीक हो जाऊंगा."
डबा भरून दिला. पुऱ्याही.
वाईट माणूस असता तर सोपं होतं.

४ सप्टेंबर, रवि
दुपारी ईशा माझ्या कुशीत येऊन, "आजी, तू आली तर मी जाते. तू नाही आली तर मी पण नाही."
दहा वर्षांच्या पोरीने एवढं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलं आणि झोपून गेली.
माधवी दुसऱ्या खोलीत कपडे भरत होती. ऐकलं असणार तिने. 

६ सप्टें., मंगळ
भाऊजी पुन्हा. आता आवाज चढलेला. वकिलाशी बोललोय. पोरीला परभणीला आणा, इथल्या शाळेत घालू, चार माणसांत वाढेल.
मी म्हटलं, "आणि तिची आई?"
"ती गेलीच की."
"गेली नाही भाऊजी. दर शुक्रवारी येते. आली नाही तर मला विचारते, जेवलात का. तुम्ही चार वर्षांत किती वेळा विचारलं?"
"म्हणजे तुम्ही तिच्या बाजूने?"
"पोरीला आईपासून तोडायला मी तुमच्यासोबत नाही. कोर्टात बोलावलं तर तिथंही हेच सांगेन."
"मग दिवाळीला इकडं येऊ नका."
बरं, म्हटलं.  चाळीस वर्षं दिवाळी परभणीला. करंज्या मी आणि जाऊ मिळून करायचो, ती लाटायची, मी भरायची. तिचा काय दोष? तिला फोन करावा का... नको. तिलाच बोलणी बसतील.

१६ सप्टें., शुक्र
माधवीला सांगितलं, हो म्हण त्याला. माझ्यासाठी थांबू नकोस.
"आप आएंगे?"
"ते वेगळं."
"अलग नहीं है, अत्तय्या."
छप्पन साली इथलं राज्य तुटलं तेव्हा मामंजींना ऑफिसने विचारलं होतं, मराठी मुलखात बदली घ्या, मराठी जिल्हे तिकडं गेले. ते गेले नाहीत. इथंच राहू म्हणाले, आणि आम्ही सगळे त्यामागे इथलेच झालो. माझं सगळं आयुष्य तारनाक्याच्या एका गल्लीत. विजयवाड्याला जाऊन कुणाशी बोलू? बाजारात कोथिंबीर मागायला शब्द आहेत, बाकीचं बोलायला नाहीत.
आणि इथं राहून तरी कुणाशी.

३० सप्टें., शुक्र
दसऱ्याच्या सुट्ट्या. माधवी आली ती ईशाला न्यायला. सुट्टीपुरतं, म्हणाली, प्रसादने बघितलेलं घर आता घेतलंय. तिथली शाळाही दाखवून आणेन. "आप भी चलो." माझे गुडघे, म्हटलं. गुडघे ठीक आहेत.
ईशा रिक्षात बसेपर्यंत माझा पदर धरून.

३ ऑक्टोबर, सोम
सकाळी एक पोळी लाटली. एका माणसाची कणीक मळणं अवघड. गोळा म्हणून होतच नाही, बोटांतच राहते सगळी.

५ ऑक्टो., बुध
शकुंतलाबाईंनी बतुकम्माला, त्यांच्या नवरात्रातल्या फुलांच्या सणाला, खाली बोलावलं. फुलांभोवती बायका टाळ्या वाजवत फिरत होत्या. मीही दोन फेऱ्या घेतल्या. एकीने विचारलं, "कोडलू कुठंय?" सून कुठंय. गावाला, म्हटलं. कुठल्या गावाला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

७ ऑक्टो., शुक्र
आज कुणी येणार नाही. तरी संध्याकाळी भाजीला गेले. नेहमीचा भाजीवाला म्हणाला, "अम्मा, आज फ्रायडे, क्या देऊं?" काही नाही घेतलं. लिंबं घेतली.

९ ऑक्टो., रवि
सकाळी ईशाचा फोन. नदी पाहिली. शाळेला मोठं ग्राउंड आहे. प्रसाद अंकलना चपाती गोल जमत नाही, ती लाटते. एका दमात सगळं. मग एकदम, "आजी, तू काय खाल्लं?" पोहे, म्हटलं. खरंच पोहे.
मग माधवीने फोन घेतला. परवा दसरा. तिथं पुरण करायचंय तिला, पहिल्यांदाच माझ्याशिवाय. डाळ किती शिजवायची, गूळ कधी घालायचा, पातळ झालं तर काय. सगळं सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. तिला येतं हे सगळं. बारा वर्षं माझ्या शेजारी उभी राहून केलंय.
मग म्हणाली, "अत्तय्या, कल रात की गाड़ी में जगह है. मैंने देखा."
मी म्हटलं, जायफळ विसरू नकोस.
"तो डाल चार लोगों की भिगाऊं, या तीन की?"
मागे ईशाचा आवाज, कुणाला तरी काहीतरी सांगत होती, हसत होती.
"डाळ आणून ठेव," म्हटलं. "उद्या सकाळी सांगते."
ती फोन ठेवेना. मीही ठेवला नाही.