वीतभर आखूड पडदे

प्रिय खारूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या पोटात गोळा आला असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो: सगळे धडधाकट आहेत, मीसुद्धा. फोन का केला नाही, तर तू उचलशील की नाही याची खात्री नव्हती. आणि उचललास तरी तुझं ते कोरडं 'हं, बोला' ऐकलं की माझी बोबडी वळते. दोन महिने झाले, तू दादाला फोन करतेस, वहिनीशी अर्धा अर्धा तास बोलतेस आणि माझी चौकशी त्यांच्याकडेच करून फोन ठेवून देतेस. तुझा राग रास्त आहे. पत्रात निदान मला मध्येच कुणी तोडत नाही, आणि मला जे सांगायचंय त्यासाठी जरा लांबून सुरुवात करावी लागणार आहे. म्हणजे पडद्यांपासून.

दादानं नवं घर घेतलं तेव्हा खिडक्यांना नुसती वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, हे तू फोटोत पाहिलंस. वहिनीनं तयार पडदे बघायला सुरुवात केली आणि माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं पडदे शिवणारा माणूस घरात बसलेला असताना बाहेरून पडदे यावेत? मी जाहीर करून टाकलं की पाचही खिडक्यांचे पडदे मी शिवणार, मापं मीच घेणार, कुणी मध्ये लुडबुड करायची नाही. मग टेप घेऊन स्टुलावर चढलो. आता तुला खरं वाटणार नाही, पण आख्ख्या धंद्यात खिडकीला टेप लावायची ती माझी पहिलीच वेळ होती. तुला आठवत असेल, गिऱ्हाइकांच्या घरी तुझी आई जायची. तिला लोक थेट झोपायच्या खोलीपर्यंत नेत, कपाटं सरकवून देत, वर सुखदुःखाच्या गोष्टीही सांगत. मी गेलो असतो तर दारातच उभा राहिलो असतो. ती मापं घेऊन यायची, वही उघडून माझ्या टेबलावर कात्रीखाली ठेवायची, आणि मी वहीतल्या आकड्यावर कापड कापायचो. पडदे लावून घ्यायलाही तीच जायची. खरं सांगायचं तर मी शिवलेले पडदे खिडकीत लटकताना मी फारसे पाहिलेलेच नाहीत.

तर मापं घेतली, दोनदा तपासली, कागदावर लिहिली. कापड वहिनीच्या पसंतीचं, जाड, शेवाळी रंगाचं, उजेड अडवणारं. आई गेल्यावर दुकान बंद केलं तेव्हापासून मशीनला हात लावला नव्हता, त्यामुळे पहिले दोन दिवस तिची मनधरणी करण्यातच गेले. पण नंतर असा हात बसला म्हणतेस! तेरा दिवस मी जेवायला हाक मारली तरी उठत नव्हतो. शेवटी रविवारी सकाळी दादानं भिंतीला भोकं पाडून दांड्या बसवल्या, कड्या ओवल्या आणि बाहेरच्या खोलीतला पहिला पडदा सोडला. पडदा खिडकीच्या तळाच्या वरच थांबला. खाली वीतभर उजेडाची पट्टी तशीच राहिली. दादानं दांडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा दांडीकडे. दुसरा लावला, तोही तसाच. पाचही खिडक्यांचे पडदे घोट्यावर चढलेल्या विजारीसारखे दिसत होते.

दादा काही टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, वारा छान येईल. वहिनी म्हणाली, खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडू या, हल्ली तशीच पद्धत आहे. दोघं इतकी गोड बोलत होती की माझी पाचावर धारण बसली. कारण चूक काय झाली ते मला दादा स्टुलावरून उतरायच्या आधीच कळलं होतं. पडद्याच्या खालच्या कडेला चार इंच कापड दुमडावं लागतं आणि वर कड्यांची पट्टी करायला चार इंच. खिडकीचं माप घ्यायचं, त्यात आठ इंच मिळवायचे आणि मग कापायचं. शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगतात ते हे. आणि चाळीस वर्षं हे काम केलेला मी आठ इंच मिळवायला विसरलो होतो. एका पडद्याला विसरलो असतो तर म्हटलं असतं नजरचूक. पाचही खिडक्यांना विसरलो.

तुला माझे थोरले काका आठवणार नाहीत, तू फार लहान होतीस. ते उत्तम घड्याळजी होते. त्यांच्या विसरण्याची सुरुवात अशीच झाली. एक दिवस त्यांनी घड्याळ उघडलं आणि ते पुन्हा कसं जोडायचं तेच त्यांना सुचेना. सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. चार वर्षांनी त्यांच्या मुलीनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं तर त्यांनी अगदी अदबीनं विचारलं की बाई, तुम्ही कुणाच्या? तेव्हा मी दाराशी उभा होतो. तो रविवार उलटला आणि मी स्वतःवर पहारा ठेवायला लागलो. चष्मा कुठे ठेवला, दूध उतू गेलं, समोरच्या दुकानदाराचं नाव पटकन आलं नाही, एकेक गोष्ट मनात जमा करत गेलो. अशा गोष्टी आधीही होत असणार, पण तेव्हा कुणी मोजत नव्हतं. दादाला बोललो नाही. डॉक्टरांकडे जायचं नाव काढलं नाही, कारण त्यांनी तोंडावर सांगितलं असतं तर मग मला ते माहीत नसल्याचं सोंग करता आलं नसतं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू म्हणालीस, कामावर पुन्हा रुजू व्हायचंय, पिल्लूला दिवसभर परक्या माणसाकडे ठेवायला मन धजत नाही, बाबा, सहा महिने येऊन राहाल का? तू किती आनंदात विचारलं होतंस. मी नुसतं नाही म्हटलं असतं तरी एक वेळ ठीक होतं, पण मी म्हणालो की आयुष्यभर राबलो, आता तुमची पोरं सांभाळायला मला बोलावू नका. तू नुसतं 'बरं' म्हणून फोन ठेवलास. त्या 'बरं'नं मी पुढे कितीतरी दिवस पोळत होतो.

आता सिस्टरांचं सांगतो. आईच्या शेवटच्या दुखण्यात रोज इंजेक्शन द्यायला यायच्या त्या. त्यांच्या घरचे पडदे बारा वर्षांपूर्वी आपणच केले होते. गेल्या सोमवारी त्यांचा निरोप आला की पडदे विरलेत, तस्सेच नवे करून हवेत. मी हज्जार कारणं सांगितली. मशीन बिघडलंय म्हटलं, नजर अधू झालीय म्हटलं. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. ज्या बाईनं तुझ्या आईचे हातपाय शेवटपर्यंत मायेनं चेपले तिला कोणत्या तोंडानं नाही म्हणणार? मी आईची जुनी वही शोधून काढली. मनात हिशेब असा की त्यांच्या घराची मापं तीत आहेतच, नवं माप घ्यायलाच नको आणि चुकायलाही नको.

पण घरी गेल्यावर सिस्टर म्हणाल्या, बारा वर्षं झाली, एकदा ताडून घ्या. घेतली टेप. बाहेरच्या खोलीची खिडकी वहीत चौऱ्याऐंशी होती, टेपवर भरली शहात्तर. म्हटलं, आता टेपसुद्धा वाचता येईना. पुन्हा लावली, शहात्तरच. सिस्टरांना वाचायला सांगितलं, त्यांनीही शहात्तरच वाचलं. आतल्या खोलीची वहीत साठ, टेपवर बावन्न. स्वयंपाकघराची वहीत चव्वेचाळीस, टेपवर छत्तीस. जुना पडदा उतरवून मोजला, तो मात्र खिडकीएवढाच. मी वही हातात धरून तसाच उभा राहिलो. प्रत्येक ठिकाणी आठचाच फरक, ना कमी ना जास्त. सिस्टर टेपचं दुसरं टोक धरून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांना माझ्या चेहऱ्याचं काही कळेना.

"मास्तर, असं काय करताय?" त्या म्हणाल्या. "ताई माप घेऊन झालं की त्यात आठ मिळवूनच वहीत लिहायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ते कापताना दुमडीचं धरतच नाहीत आणि दाखवून दिलं की दिवसभर तोंड पाडून बसतात. त्यापेक्षा मीच मिळवून ठेवते."

मी खाली बसलो. कळलं का तुला, खारूताई? मी आठ इंच मिळवायला विसरलो नव्हतो. मी ते कधी मिळवतच नव्हतो. चाळीस वर्षांत एकदाही नाही. वहीत आकडा यायचा, मी कापायचो, दुमडायचो, शिवायचो, आणि पडदा बरोबर यायचा म्हणून मला वाटायचं की सगळं मीच करतो. म्हातारपणानं माझं डोकं गेलेलं नाही, ते तिशीपासूनच एवढं आहे. माझा जीव असा भांड्यात पडला की मी सिस्टरांसमोर हसायला लागलो, आणि हसता हसता मला रडू कोसळलं. त्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिल्या.

त्यांनीच मग पुढचं सांगितलं. आमच्या लग्नाच्या वर्षी एका वकिलाच्या कचेरीचे पडदे आखूड आले होते. तुझ्या आईनं तेव्हा मला सांगितलं होतं की कापड इस्त्रीला आटलं. मी जाऊन त्या कापडवाल्याशी कडाकडा भांडलो होतो आणि त्याच्याकडून कापड घेणं कायमचं बंद केलं होतं. आणि तिनं त्या दिवसापासून वहीत आठ मिळवायला सुरुवात केली. बुधवारी मी त्या कापडवाल्याकडे जाऊन माफी मागितली. त्याला काहीच आठवत नव्हतं, पण त्यानं चहा पाजला. मला तुझ्या आईचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोलू? गिऱ्हाइकांसमोर मी छाती फुगवून सांगायचो की माझा पडदा कधी आखूड होत नाही, आणि ती शेजारी उभी राहून मान डोलवायची. एकदा तरी बोलायचं होतंस, असं मी तिच्या फोटोला ऐकवलं. पण तोंड पाडून बसणारा मीच ना. तिनं एकदा बोलून बघितलं असेल आणि मग नाद सोडला असेल.

तेवढ्यावर विसंबून राहिलो नाही. शुक्रवारी स्वतःच्या पायानं डॉक्टरांकडे गेलो आणि थोरल्या काकांसकट सगळं सांगितलं. त्यांनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. साधारण चार-पाच वेळा केलं की थांबवतात म्हणे, मी दोनवर येऊनच थांबलो. त्यांनी सांगितलं की वयाच्या मानानं डोकं उत्तम आहे, चष्म्याचा नंबर तेवढा वाढलाय. घरी येऊन दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला की त्यानंही त्या रविवारपासून मी गॅस बंद केला की नाही याकडे लक्ष ठेवायला सुरुवात केली होती. म्हणजे एकाच घरात आम्ही दोघं एकमेकांपासून लपवून एकाच गोष्टीला घाबरत होतो.

आता हे पत्र कशासाठी, ते. तुला मी जे बोललो त्यातलं एक अक्षरही खरं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय आलं ते सांगतो. पिल्लू माझं बोट धरून बाहेर निघालंय, मी कुठल्यातरी बाकावर बसलोय, आणि उठून घरी येताना ते माझ्याबरोबर होतं हेच मला आठवत नाही. हे तुला सांगायचा धीर झाला नाही. तुझ्या डोळ्यांत भीती दिसण्यापेक्षा राग परवडला, असं मला वाटलं. ते चुकलं, त्याबद्दल मला माफ कर. तू एव्हाना पिल्लूसाठी दुसरी सोय केली असशील तर ती मोडू नकोस, मी पिल्लूला सांभाळणाऱ्या बाईंच्या हाताखाली काम करीन. पण मला येऊ दे. एकच अट आहे. मी काही चुकलो, काही विसरलो, तर माझ्या मागे गुपचूप निस्तरत बसू नकोस, तोंडावर सांग. मी दिवसभर तोंड पाडून बसेन, बसू दे. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, तुझ्या घराचा पत्ता मला तोंडपाठ आहे.

तुझाच,
बाबा